तीन मॉनिटरवर रेसिंग सिम: ग्राफिक्स कार्ड निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमध्ये रेसिंग सिमसाठी (खऱ्या गाडीसारखे चालवायचे संगणकी गेम) घरी रिग, म्हणजे सीट, स्टीअरिंग आणि पेडल बसवलेला सांगाडा, बांधणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि त्यांच्याकडून येणारे प्रश्नही बरेचसे तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण निम्मे चुकीचे सौदे ती न पाळल्यामुळे होतात: आधी मॉनिटर ठरवा, मग कार्ड. सिल्व्हर मॉलमध्ये जाऊन "रेसिंगसाठी चांगलं कार्ड दाखवा" म्हटलं, तर समोरचा दुकानदार तुमचं बजेट विचारेल. तुमचे मॉनिटर किती पिक्सेलचे आहेत हे तो बहुधा विचारणार नाही, आणि खरा हिशोब तर तिथेच आहे.

१. तीन मॉनिटरसाठी काही खास कार्ड लागतं का? साध्या कार्डावर चालणार नाही?

खास असं काही नसतं. नुसते तीन डेस्कटॉप दाखवायचे असतील तर आजचं अगदी स्वस्त कार्डही ते करतं, तीन पोर्ट असले म्हणजे झालं. प्रश्न येतो तो गेम तिन्ही पडद्यांवर पसरवल्यावर. तेव्हा कार्डाला दर फ्रेमला तिप्पट पिक्सेल रंगवावे लागतात, शिवाय बाजूच्या पडद्यांवर दिसणारी झाडं, ग्रँडस्टँड, शेजारच्या गाड्या हे सगळं जास्तीचं काढावं लागतं. म्हणून एका मॉनिटरवर १४० एफपीएस (सेकंदाला काढलेल्या फ्रेम) देणारं कार्ड तिघांवर ५०-५५ वर आलं, तर त्यात बिघाड काही नाही.

२. किती ताकदीचं कार्ड हवं, हे घरबसल्या मोजता येईल का?

येईल. पिक्सेल मोजा. एक १०८०पी मॉनिटर म्हणजे २०.७ लाख पिक्सेल, एक १४४०पी म्हणजे ३६.९ लाख. तीन १०८०पी मिळून (५७६० × १०८०) ६२.२ लाख होतात. एक ४के पडदा ८२.९ लाखांचा. तीन १४४०पी (७६८० × १४४०) म्हणजे १ कोटी १० लाखांच्या वर, आणि तीन ४के म्हणजे जवळजवळ २ कोटी ४९ लाख.

याचा उपयोग असा: तीन मॉनिटरवरच्या चाचण्या कुणी फारशा करत नाही, पण ४के वरच्या चाचण्या प्रत्येक कार्डाच्या मिळतात. तीन १०८०पी घेणार असाल तर ४के चा आकडा जसाच्या तसा धरा. पिक्सेल पाऊणपट आहेत, पण रुंद दृश्यातलं जास्तीचं काम तो फायदा खाऊन टाकतं. तीन १४४०पी असतील तर ४के च्या आकड्याला पाऊणपट करा आणि त्याला कमाल मर्यादा समजा. ४के वर १०० एफपीएस असतील तर इथे ७५ च्या खालीच राहाल.

मात्र ही चाचणी त्याच गेमची हवी. नेमबाजीच्या गेमचा आकडा सिमला लावू नका.

३. मग नाव सांगा ना. कोणतं कार्ड घेऊ?

तीन १०८०पी, ६० ते १०० एफपीएसच्या आसपास: एनव्हीडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी किंवा एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी. जुन्यांपैकी आरटीएक्स ४०७०, आरटीएक्स ३०८०, आरएक्स ६८०० एक्सटी अजून उत्तम काम देतात. ९०६० एक्सटी घेताना प्रश्न ५ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

तीन १४४०पी: हा आज सगळ्यात समाधान देणारा संच आहे आणि कार्डाची खरी कसोटी इथेच लागते. आरटीएक्स ५०७० टीआय आणि आरएक्स ९०७० एक्सटी ही दोन कार्डं या कामाला बरोबर बसतात, दोघांतही १६ जीबी मेमरी आहे. त्याखालचं आरएक्स ९०७० सुद्धा १६ जीबीचं आहे, सेटिंग थोडी उतरवली की निभतं. आरटीएक्स ५०७० वेगाने वाईट नाही, पण १२ जीबी मेमरी त्याला अडवते (प्रश्न ४). असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओनेसारख्या जड गेममध्ये सगळं वर ठेवून १२० हर्ट्झ (मॉनिटर सेकंदाला जितक्या वेळा चित्र बदलतो तो आकडा) हवे असतील तर आरटीएक्स ५०८० पर्यंत जावं लागतं.

तीन ४के: आरटीएक्स ५०९०, आणि तरीही सेटिंग उतरवावी लागतील. आमचा स्पष्ट सल्ला आहे की इथे जाऊ नका. रिगमध्ये डोळे पडद्यापासून ६०-७० सेंटिमीटरवर असतात आणि गाडी चालवताना नजर लांब वळणाच्या टोकावर असते. ४के ची जास्तीची बारकाई बघायला सवड मिळत नाही, हळू झालेला गेम मात्र प्रत्येक लॅपला जाणवतो. तो पैसा पेडलमध्ये घाला.

४. ८ जीबीचं कार्ड स्वस्त मिळतंय. चालेल का?

तीन पडद्यांसाठी नवीन ८ जीबी कार्ड घेऊ नका. मेमरी कमी पडली की सरासरी एफपीएस फार पडत नाही, त्यामुळे दुकानात दाखवताना सगळं ठीक वाटतं. त्रास वेगळ्या रूपात येतो. नवा ट्रॅक लोड झाल्यावर पहिल्या लॅपला, किंवा समोर वेगवेगळ्या लिव्हरीच्या (रंगसंगतीच्या) २५-३० गाड्या एकदम आल्या की पाव सेकंद चित्र अडकतं, आणि नेमकं ब्रेकिंगच्या वेळी अडकतं. टेक्श्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) कार्डाच्या मेमरीत मावत नाहीत, मग ते पीसीच्या रॅममधून पीसीआय स्लॉटवाटे ओढून आणावे लागतात, म्हणून हे होतं.

तीन १०८०पी ला १२ जीबी पुरेशी, तीन १४४०पी ला १६ जीबी. आरटीएक्स ५०६० टीआय ८ आणि १६ अशा दोन्ही मेमरीत विकलं जातं, ९०६० एक्सटी सुद्धा. खोक्यावर मोठ्या अक्षरात फक्त नाव असतं, मेमरीचा आकडा स्वतः शोधून वाचा आणि बिलावरही लिहून घ्या.

५. पोर्टचं काय? तीन डिस्प्लेपोर्टच हवेत की एचडीएमआय चालतं?

तिन्ही मॉनिटर एकाच प्रकारच्या पोर्टवर असावेत, आणि तो डिस्प्लेपोर्ट असावा. दोन डिस्प्लेपोर्टवर आणि एक एचडीएमआयवर लावला तरी चित्र येतं, पण बऱ्याच मॉनिटरचा एचडीएमआय पोर्ट जुन्या २.० आवृत्तीचा असतो. तिथे १४४०पी ला १४४ हर्ट्झच्या वर जाता येत नाही, म्हणजे उरलेले दोन १६५ वर आणि हा एक १४४ वर. सराउंड (तीन पडद्यांचा एक लांब पडदा करण्याची सोय, प्रश्न १०) लावताना तिघांनाही कमी आकड्यावर आणावं लागतं. व्हेरिएबल रिफ्रेशही (मॉनिटरचे हर्ट्झ एफपीएसप्रमाणे बदलत ठेवण्याची सोय) अशा मिश्र जोडणीत अनेकदा चालू होत नाही.

आरटीएक्स ४० आणि ५० मालिकेच्या बहुतेक कार्डांवर ३ डिस्प्लेपोर्ट आणि १ एचडीएमआय असतो, त्यामुळे तिथे चिंता नाही. आरएक्स ९०६० एक्सटीच्या पुष्कळ मॉडेलवर मात्र २ डिस्प्लेपोर्ट आणि १ एचडीएमआय एवढंच असतं. तीन १०८०पी साठी तेही चालतं, फक्त तुमच्या मॉनिटरचा एचडीएमआय पूर्ण हर्ट्झ देतो का ते त्याच्या माहितीपत्रकात आधी बघा. खोक्यावरचं चित्र विश्वासाचं नसतं. कार्ड हातात घ्या आणि मागची पट्टी डोळ्यांनी मोजा.

६. एक पोर्ट कमी पडतोय. कन्व्हर्टर लावू का?

दिशा महत्त्वाची आहे. कार्डाच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयकडे जायचं असेल तर साधा, स्वस्त कन्व्हर्टर चालतो, पण त्याचा वेग मर्यादित असतो. उलट, कार्डाच्या एचडीएमआयमधून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टकडे जायला साधा कन्व्हर्टर काहीच दाखवणार नाही. त्याला आत चिप असलेला आणि यूएसबीवरून वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो. जेल रोडच्या डॉलर मार्केटमध्ये दोन्ही सारखेच दिसणारे मिळतात. विचारताना "एचडीएमआय इन, डिस्प्लेपोर्ट आउट" असं स्पष्ट म्हणा.

७. एफपीएस किती असावेत? डोळ्याला ६० च्या वर कळतं का?

कळतं, आणि रेसिंगमध्ये कारणही सोपं आहे. ताशी २०० किलोमीटरला गाडी सेकंदाला ५५ मीटर जाते. ६० एफपीएसला दोन फ्रेममध्ये गाडी ९० सेंटिमीटरहून जास्त सरकते, १२० ला त्याच्या निम्मी. बाजूच्या पडद्यांवर तर वस्तू झपाट्याने मागे जातात आणि डोळ्याच्या कडेला हालचाल लवकर जाणवते, म्हणून तीन पडद्यांवर ६० एफपीएस एका पडद्यापेक्षा जास्त खडबडीत वाटतात. ९० च्या पुढे बहुतेकांची तक्रार थांबते.

पण सरासरीवर जाऊ नका. रिकाम्या ट्रॅकवर एकटे फिरून घेतलेला आकडा निरुपयोगी आहे. चाचणी अशी घ्या: गेममधल्या सगळ्यात जड ट्रॅकवर ३० गाड्यांची शर्यत लावा, ग्रिडवर शेवटून उभे राहा, गेममध्ये असेल तर रात्र आणि पाऊस लावा, सुरुवातीपासून दोन लॅप चालवा आणि सगळ्यात कमी आकडा लिहून ठेवा. तो तुमच्या पसंतीच्या आकड्याखाली जात नसेल तर कार्ड पुरेसं आहे. मग एफपीएस मॉनिटरच्या हर्ट्झपेक्षा ३-४ ने खाली बांधून टाका.

फोर्स फीडबॅकची (स्टीअरिंगमधून हाताला जाणवणाऱ्या जोराची) काळजी एफपीएसशी जोडू नका. गाडीचं भौतिक गणित वेगळं चालतं, आयरेसिंगमध्ये सेकंदाला ३६० वेळा, असेटो कोर्सामध्ये ३३३ वेळा. प्रोसेसर गुदमरला तरच स्टीअरिंगवर परिणाम होतो.

८. महाग कार्ड घातलं तरी एफपीएस वाढले नाहीत. कार्ड खराब आहे का?

बहुधा प्रोसेसर अडतो आहे. एमएसआय आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर ही मोजमापाची सॉफ्टवेअर लावून शर्यतीच्या सुरुवातीला जीपीयूचा (कार्डाच्या चिपचा) वापर बघा. ९७-९९ टक्के असेल तर मर्यादा कार्डाची. ६०-७० टक्के असेल आणि एफपीएस तरी कमी असतील तर मर्यादा प्रोसेसरची. एकूण सीपीयू ३० टक्केच दिसतो म्हणून फसू नका. सिमचं मुख्य काम एक-दोन कोअरवर चालतं, ते कोअर पूर्ण भरले की बाकीचे रिकामे बसून राहतात.

पडताळा घ्यायचा सोपा मार्ग: रिझोल्यूशन निम्मं करा. एफपीएस तेवढेच राहिले तर कार्ड बदलून एक पैशाचाही फायदा नाही.

अशा वेळी मोठी कॅश असलेला प्रोसेसर फरक पाडतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटचा मदरबोर्ड असेल तर रायझन ५८०० एक्स३डी किंवा ५७०० एक्स३डी, एएम५ असेल तर ७८०० एक्स३डी किंवा ९८०० एक्स३डी. आयरेसिंग खेळणाऱ्यांनी बजेट वाटताना प्रोसेसरचा हिस्सा थोडा जास्तच ठेवावा.

९. एनव्हीडिया की एएमडी?

नुसत्या पिक्सेलच्या ताकदीत, त्याच किमतीला एएमडी बऱ्याचदा पुढे असतं आणि मेमरीही मोकळ्या हाताने देतं. तीन पडद्यांच्या सिममध्ये एनव्हीडियाच्या बाजूने एक ठोस मुद्दा आहे. २०१६ च्या पास्कल पिढीपासून त्यांच्या कार्डात अनेक कोनांतली दृश्यं एकाच फेरीत काढण्याची सोय आहे आणि आयरेसिंग तिचा वापर करतं. ती नसेल तर तीन दृश्यांसाठी गेमला तीनदा फेरी मारावी लागते आणि प्रोसेसरवरही भार पडतो.

म्हणून मुख्यतः आयरेसिंग खेळत असाल तर एनव्हीडिया घ्या. असेटो कोर्सा, ऑटोमोबिलिस्टा २ वगैरे खेळत असाल तर त्या दिवशी जे स्वस्त मिळेल ते घ्या, मेमरी कमी असलेलं सोडून.

१०. सराउंड किंवा आयफिनिटी लावलं की झालं ना? तरी बाजूचं चित्र ताणलेलं का दिसतं?

सराउंड आणि आयफिनिटी फक्त तीन पडदे मिळून विंडोजला एक लांब पडदा म्हणून दाखवतात. गेम त्यावर एकच सपाट दृश्य काढतो, आणि १५० अंशांचं दृश्य सपाट काढलं की कडेच्या वस्तू कित्येक पट रुंद होतात. उपाय म्हणजे गेममधली तीन वेगळ्या दृश्यांची सोय. आयरेसिंगमध्ये तिन्ही प्रोजेक्शन वापरण्याचा पर्याय आहे, असेटो कोर्सात ट्रिपल स्क्रीन मोड आहे, आरफॅक्टर २ मध्ये मल्टीव्ह्यू आहे. कॉम्पिटिझिओनेमध्ये ही सोय नंतरच्या अपडेटमध्ये आली आणि ती कार्डावर चांगलीच जड जाते. ज्या गेममध्ये ही सोयच नाही तिथे ताण दिसणारच, कार्ड बदलून तो जाणार नाही.

लावायची पद्धत: तिन्ही मॉनिटर एकाच उंचीवर, कडा एकमेकींना टेकलेल्या. आधी सराउंड चालू करा. मग टेपने तीन मापं घ्या: डोळ्यापासून मधल्या पडद्यापर्यंतचं अंतर, पडद्याच्या दिसणाऱ्या भागाची रुंदी, आणि कडेची जाडी. २७ इंची पडद्याची रुंदी साधारण ६० सेंटिमीटर असते. डोळा ६५ सेंटिमीटरवर असेल तर एक पडदा सुमारे ५० अंश व्यापतो, म्हणून बाजूचे पडदे ५० अंशांच्या आसपास वळवा. ३२ इंचीला त्याच अंतरावर ५७-५८ अंश लागतात. हेच आकडे गेममध्ये भरा. बरोबर जमलं की रस्त्याची पांढरी रेघ मधल्या पडद्यावरून बाजूच्या पडद्यावर न मोडता जाते. रेघ सांध्यावर मोडत असेल तर कोन किंवा अंतर चुकलं आहे.

ड्रायव्हर अपडेट केल्यावर सराउंड कधीकधी पुसलं जातं. आकडे कागदावर लिहून मॉनिटरच्या मागे चिकटवून ठेवा.

११. नवं कार्ड घेणं सध्या शक्य नाही. काय कमी केलं तर सगळ्यात जास्त फायदा होतो?

आरसे. प्रत्येक आरसा म्हणजे मागचं सगळं दृश्य पुन्हा एकदा काढणं. आरशांची संख्या आणि त्यांचा दर्जा उतरवा, आभासी आरसा एकच ठेवा. दुसरी गोष्ट सावल्या, त्यातही हलत्या सावल्या. तिसरी, गाडीच्या पत्र्यावर दिसणारी प्रतिबिंबं. मग गवत, प्रेक्षक आणि एकाच वेळी दिसणाऱ्या गाड्यांची संख्या. टेक्श्चर मात्र शेवटी उतरवा. मेमरी पुरेशी असेल तर त्यांचा वेगावर परिणाम नगण्य असतो आणि उतरवले की डॅशबोर्डवरचे आकडे धूसर होतात.

१२. डीएलएसएस किंवा एफएसआर लावून छोटं कार्ड चालवता येईल का? आणि फ्रेम जनरेशन?

डीएलएसएस आणि एफएसआर गेम कमी पिक्सेलवर काढून चित्र मोठं करतात. गेममध्ये सोय असेल तर या दोन्हींचा उपयोग होतो. कॉम्पिटिझिओनेमध्ये दोन्ही आहेत. क्वालिटी मोडवर ठेवा. त्याखाली गेलात की दूरचे ब्रेकिंगचे फलक धुरकट होतात आणि रेसिंगमध्ये तेच वाचायचे असतात. जुन्या असेटो कोर्सामध्ये ही सोय मुळात नाही, त्यामुळे यावर विसंबून खालचं कार्ड घेऊ नका.

फ्रेम जनरेशन रेसिंगसाठी बंद ठेवा. यात कार्ड दोन फ्रेमच्या मध्ये स्वतः बनवलेली फ्रेम घालतं. आकडा वाढतो, पण मधली फ्रेम बनवायला पुढची फ्रेम थांबवून धरावी लागते, त्यामुळे गाडीची शेपूट सुटल्याचं तुम्हाला उशिरा दिसतं.

१३. पॉवर सप्लाय आणि यूपीएस किती घ्यावा?

एनव्हीडिया आरटीएक्स ५०७० ला ६५० वॉट, ५०७० टीआयला ७५०, ५०८० ला ८५० आणि ५०९० ला १००० वॉटचा पॉवर सप्लाय सुचवते. यात काटकसर करू नका. कार्डाची क्षणिक ओढ त्याच्या नेहमीच्या वॉटपेक्षा बरीच वर जाते आणि दुबळा सप्लाय तेवढ्या क्षणात पीसी बंद करतो.

यूपीएसचा हिशोब असा. ५०७० टीआय ३०० वॉट, प्रोसेसर आणि बाकीचं धरून भिंतीवरून ५००-५५०, तीन २७ इंची मॉनिटर १०० च्या आसपास. झाले ६५०. १००० व्हीए लिहिलेले बरेच यूपीएस प्रत्यक्षात ६०० वॉटच देतात, म्हणजे १५०० व्हीए तरी हवा. डायरेक्ट ड्राइव्ह व्हीलबेस (स्टीअरिंगला जोर देणारी मोटर) यूपीएसवर लावू नका, लाइट गेल्यावर शर्यत पुढे चालवायची नसते, पीसी नीट बंद करायचा असतो. यूपीएस प्युअर साइन वेव्हचा बघा. स्वस्त यूपीएसच्या पायऱ्यांसारख्या वेव्हवर काही आधुनिक पॉवर सप्लाय लाइट जाताक्षणी बंद पडतात, मग यूपीएस असून नसल्यासारखा. घरचा पंख्या-दिव्यांचा इन्व्हर्टर या कामाचा नाही.

१४. इंदूरच्या उन्हाळ्यात कार्ड ८५ अंशांवर जातं. धोका आहे का?

कार्ड जळणार नाही, ते स्वतःच वेग उतरवतं. पण शर्यत अर्धी झाल्यावर एफपीएस पडायला लागले तर कारण हेच असतं. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना बंद खोलीत ३५-३६ असतातच, आणि तुमचा रिग त्या खोलीत ६००-७०० वॉटचा हीटर चालवतो आहे.

खर्च न करता होणारा उपाय आधी करा. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. वेग साधारण ५ टक्क्यांच्या आसपास कमी होतो, पण वीज पाचव्या हिश्शाने घटते आणि पंखेही शांत होतात. मग कॅबिनेट बघा. बरेच जण जागा वाचवायला ते रिगच्या सीटमागे भिंतीला टेकवून ठेवतात आणि गरम हवा तिथेच फिरत राहते. मागे वीतभर जागा सोडा. मार्च ते जून धूळ फार असते, महिन्यातून एकदा जाळी काढून धुवा आणि ब्लोअर मारताना कार्डाचे पंखे बोटाने धरून ठेवा.

१५. घरात एक ३२ इंची आणि दोन २४ इंची मॉनिटर पडून आहेत. तेच वापरू का?

सरावापुरतं चालेल, पण सराउंडला तिन्हींचं रिझोल्यूशन आणि हर्ट्झ जुळलेले लागतात, आणि वेगळ्या उंचीच्या पडद्यांवर क्षितिजाची रेघ जुळत नाही. तीन सारखे, एकाच मॉडेलचे घ्या. एकाच वेळी घ्या. वर्षाने तिसरा आणलात तर त्याच नावाखाली वेगळं पॅनेल येण्याची शक्यता असते आणि रंग जुळवता जुळत नाहीत.

१६. चौथा छोटा पडदा डॅशबोर्डसाठी लावायचा आहे. कार्डावर लावू?

तिन्ही डिस्प्लेपोर्ट भरलेले असले तरी एचडीएमआय मोकळा असतो, तिथे चालेल. त्याहून बरं म्हणजे मदरबोर्डचा पोर्ट, कारण मग गेमच्या कार्डावर भार नाही. इंटेलच्या एफ अक्षराच्या प्रोसेसरमध्ये आणि रायझन ५००० मालिकेच्या बहुतेक साध्या प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं, तिथे हा मार्ग बंद. यूएसबीवरचा छोटा डॅश पडदा सिमहब या सॉफ्टवेअरशी जोडला की सगळाच प्रश्न सुटतो.

१७. गेमिंग लॅपटॉपवर तीन मॉनिटर होतील?

तीन डेस्कटॉप होतात, सराउंड बऱ्याचदा होत नाही. सराउंडला तिन्ही पोर्ट एनव्हीडियाच्या चिपला थेट जोडलेले लागतात. कित्येक लॅपटॉपवर एचडीएमआय एका चिपवर आणि टाइप-सी दुसऱ्या चिपवर असतो. एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलमध्ये फिझएक्सच्या पानावर कोणता पोर्ट कोणत्या चिपला जोडला आहे ते दिसतं, मॉनिटर घेण्याआधी तिथे बघा. शिवाय लॅपटॉपचं ५०७० आणि डेस्कटॉपचं ५०७० यांचं फक्त नाव एक आहे.

१८. माझा मदरबोर्ड जुना, पीसीआय ३.० चा आहे. नवं कार्ड वाया जाईल?

१६ लेन (स्लॉटमधले डेटाचे मार्ग) वापरणारं कार्ड असेल तर नुकसान किरकोळ. आरटीएक्स ५०६० टीआयसारखी कार्डं ८ लेनच वापरतात, त्यांना जुन्या बोर्डावर फटका बसतो, आणि मेमरी ८ जीबी असेल तर तो दुप्पट जाणवतो (प्रश्न ४ मधलं अडकणं). अशा बोर्डावर १६ लेनचं कार्ड घ्या. कॅबिनेटची लांबीही मोजा, ३०० ते ३४० मिलिमीटरची कार्डं आता सर्रास असतात.

१९. जुनं कार्ड घेताना काय तपासावं?

चालू पीसीत लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सोबत स्वतःची डिस्प्लेपोर्ट केबल न्या आणि प्रत्येक पोर्टवर चित्र येतं का पाहा. एका मॉनिटरवाल्या विकणाऱ्याला मेलेला पोर्ट वर्षानुवर्षं कळत नाही, आणि तुम्हाला तर तिन्ही हवेत. मग एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून १५ मिनिटं जड चाचणी चालवा. मेमरीचं तापमान १०० च्या वर जात असेल तर आतले थर्मल पॅड सुकले आहेत. स्क्रूवरचं स्टिकर फाटलेलं असेल तर का ते विचारा. मूळ बिल घ्या, आणि त्या कंपनीची वॉरंटी बिलावर मिळते की सिरीयल नंबरवर, हे तिच्या सर्व्हिस सेंटरला आधी फोन करून विचारा.

२०. खेळताना एखादा पडदा सेकंदभर काळा होऊन परत येतो. कार्ड परत करू?

थांबा, आधी केबल. रिगमध्ये केबल लांब लागतात आणि ३ मीटरची स्वस्त डिस्प्लेपोर्ट केबल १४४०पी १६५ हर्ट्झला हमखास दगा देते. काळा होणाऱ्या आणि चांगल्या पडद्याच्या केबल आपसात बदला. दोष केबलीबरोबर सरकला तर उत्तर मिळालं. व्हेसाची (डिस्प्लेपोर्टचं मानक ठरवणाऱ्या संस्थेची) मान्यता असलेली, दोन मीटरच्या आतली केबल घ्या. काही निकृष्ट केबलींमध्ये विसावी पिन जोडलेली असते, तिच्यातून मॉनिटरची वीज उलट कार्डाकडे येते आणि पीसी कधीकधी सुरूच होत नाही.

केबल चांगली असूनही होत असेल तर अर्थिंग तपासा. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा रिग, त्यावर मोठी मोटर, आणि कोरडी हवा. रामबाग-नारायणबागेकडच्या जुन्या घरांत तिसऱ्या पिनचा खड्डा असतो पण मागे तार नसते. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या, तो दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंग नव्याने करून घ्या. गॅस लिफ्टच्या खुर्चीवरून उठता-बसताना पडदा जात असेल तर तो स्थिर विजेचा झटका आहे, कार्डाचा दोष नाही.

२१. नुसता डेस्कटॉप उघडा असतानाही कार्डाचे पंखे फिरतात. असं का?

तीन जास्त हर्ट्झचे पडदे जोडले की कार्डाची मेमरी विश्रांतीच्या वेगावर उतरत नाही, म्हणून काही न करता ३०-४० वॉट जास्त जातात. डेस्कटॉपवर तिन्ही मॉनिटर १६५ ऐवजी १२० किंवा ६० हर्ट्झवर आणून बघा. अनेक कार्डांवर मेमरी लगेच खाली येते. तिन्हींचे हर्ट्झ वेगवेगळे असतील तर हा त्रास जास्त होतो.

२२. तीन ४के २४० हर्ट्झ मॉनिटर आरटीएक्स ४०९० ला लावले, तिसरा सुरूच होत नाही. चारही पोर्ट चांगले आहेत.

कार्डाला चार पडदे चालवता येतात कारण आत चित्र पाठवणारे चार हेड असतात. ४के २४० हर्ट्झ एवढा डेटा डिस्प्लेपोर्ट १.४ वर कॉम्प्रेस करून पाठवावा लागतो आणि त्या वेगाला एका पडद्यासाठी दोन हेड खर्च होतात. दोन मॉनिटरमध्ये चारही संपले, तिसऱ्याला उरलं नाही. विंडोजमध्ये तिघांचेही हर्ट्झ १२० वर आणा, एका पडद्याला एकच हेड लागेल आणि तिसरा सुरू होईल. एवढ्या पिक्सेलवर २४० एफपीएस तसेही कोणत्याच सिममध्ये मिळणार नाहीत, त्यामुळे १२० वर आणण्यात काही गमावत नाही.